एक पावसाळा गेल्याशिवाय पदक नको : स्काऊट-गाईडमधल्या मुलांसाठी निसर्गरक्षणाचा सन्मान

तलावकाठ

राम राम मंडळी.

मी साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. शाळेचं स्काऊट पथक नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. आमच्या भागात पथकं चालवणाऱ्या काही स्काऊटर आणि गाईड कॅप्टन मंडळींनी ठरवलंय की निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या मुलामुलींना दरवर्षी आपल्या वर्गणीतून एक सन्मान द्यायचा. विचार फार चांगला आहे. पण निकषांचा कच्चा कागद हाती आला तेव्हापासून मला चैन नाही. किती झाडं लावली, किती तास श्रमदान केलं, किती फोटो जोडले, एवढंच त्यात आहे. त्यावर माझं म्हणणं सांगायचं तर आधी आमच्या तलावाची गोष्ट सांगावी लागेल.

गावामागे मामा तलाव आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, आले आणि १९५० नंतर मालगुजारी गेली तसे सरकारकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. धानाची शेती त्यांच्यावर, मासेमारी त्यांच्यावर, गुरांचं पाणीही तिथलंच. आमच्या तलावाचा पाव हिस्सा बेशरमाने खाल्ला होता. जांभळ्या फुलांची ती झुडपं सगळ्यांनी पाहिली असतील. वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे कुंपणाला लावली गेली, कारण तिला गुरं तोंड लावत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी २२ फेब्रुवारीला, स्काऊट-गाईडच्या चिंतन दिनाला, आम्ही श्रमदान ठेवलं. चाळीस मुलं, विळे, कोयते, गावातले दहा-बारा बाप्ये. दुपारपर्यंत पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, कडेचं बेशरम भुईसपाट. कापलेले दांडे तिथेच पाण्याच्या काठाला ढीग लावून ठेवले. पाहुणे आले, फोटो झाला, चाळीस प्रमाणपत्रं वाटली, पेपरात बातमी आली. मी त्या रात्री फार समाधानाने झोपलो.

तीन आठवड्यांनी सहावीतला एक पोरगा हातभर दांडा घेऊन वर्गात आला. कापलेल्या दांड्याच्या प्रत्येक पेराला पांढरी बारीक मुळं फुटली होती, दोऱ्यासारखी, आणि वरच्या टोकाला दोन कोवळी पानं. म्हणाला, "गुरुजी, हे मेलंच नाही जी. जित्तं हाये." मी त्याला शाबासकी दिली आणि विसरून गेलो. जुलैत तलाव भरला, ते ढीग तरंगले आणि वाऱ्याने सगळ्या काठाला जाऊन लागले. दिवाळीपर्यंत, जिथे बेशरम कधी नव्हतं, त्या तुडुमाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या जागेच्या, तोंडाशीही ते उभं राहिलं होतं. आम्ही तलावाचं नुकसान केलं होतं, आणि त्याबद्दल चाळीस मुलांकडे प्रमाणपत्रं होती.

दुसऱ्या वेळी काम त्या पोराच्या संघाने केलं. पाच जण. त्यांनी आधी म्हाताऱ्या माणसांना विचारलं की बेशरम नव्हतं तेव्हा तिथे काय होतं. दोरीने पट्टा मोजला, वहीत नकाशा काढला. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत खाली जातं, तेव्हा मोठ्या माणसांनी सब्बलीने मुळासकट उपटायचं आणि मुलांनी ते पाळीपलीकडच्या मुरमाड जागेवर नेऊन पसरायचं. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून हात डोळ्याला लावायचा नाही, शेळ्या तिकडे येऊ द्यायच्या नाहीत, कारण बेशरम खाऊन शेळ्यांना झटके येतात. दर तीन दिवसांनी दांडे उलटे करायचे, खारवड्या उलट्या करतात तसे. पेर मोडून आत ओल नाही ना हे बघायचं. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण पावसाळा गेला आणि नोव्हेंबरात मुलांनी तोच पट्टा पुन्हा मोजला, तेव्हा त्यात फक्त सात ठिकाणी फूट दिसली. तीही त्यांनी काढली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : मधे एक पावसाळा गेल्याशिवाय कोणत्याही कामाला पदक देऊ नये. आपल्याकडे पाऊस जे ठेवतो तेच काम झालं म्हणायचं. झाडं किती लावली हे जुलैत विचारू नका, पुढच्या मे महिन्यात विचारा. तुमची मतं हवी आहेत.

जर्सीत_भंडारेकर

गुरुजी, वाचून डोळ्यांपुढे आमचा तलाव आला. माझा मुलगा इथे अमेरिकेत स्काऊट होता, म्हणून इथली माहिती देतो. तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

इथे १९१४ साली वन्यजीव रक्षणाचं एक पदक सुरू झालं. सुरू करणारे विल्यम टेंपल हॉर्नडे, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचे पहिले संचालक. हा माणूस तरुणपणी १८७७ च्या सुमारास संग्रहालयांसाठी प्राण्यांची शिकार करायला भारतातही आला होता. पुढे अमेरिकेतले बायसन संपत चाललेत हे डोळ्यांनी बघितलं आणि उरलेलं आयुष्य ते वाचवण्यात घातलं. १९३७ मध्ये ते वारले, नंतर पदकाला त्यांचं नाव दिलं. पदकाची ख्याती अशी की शंभर वर्षांत ते हजार-बाराशे मुलांच्या घरातच गेलं. जुन्या नियमांत साध्या बिल्ल्याला एक प्रकल्प, कांस्यपदकाला तीन, रौप्यपदकाला चार, आणि तेही वेगवेगळ्या विभागांतले : माती-पाणी, जंगल, मासे आणि वन्यजीव, प्रदूषण, ऊर्जा, बाहेरून आलेल्या वनस्पतींचा बंदोबस्त असे. तुमचं बेशरम शेवटच्या विभागात चपखल बसलं असतं.

त्यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक, मुलाने प्रश्न स्वतः शोधायचा, योजना स्वतः मांडायची आणि बाकीच्यांकडून काम करवून घ्यायचं. दुसरी, त्याच्यासोबत त्या विषयातला एक जाणकार सल्लागार पाहिजे. एक दिवसाची साफसफाई तिथे धरत नाहीत. माझ्या मुलाने अर्ज केला नाही, त्याला जमलं नसतं, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण त्याच्या तुकडीतल्या एका मुलीने ओढ्याचा खचलेला काठ बांधला होता, तिच्या नोंदी दोन वर्षांच्या होत्या.

२०२० मध्ये ते नाव काढलं. आता त्याला विशेष निसर्गरक्षण सेवेचा पुरस्कार असं सरळ नाव आहे. कारण सांगायला हवं. १९०६ मध्ये याच हॉर्नडेंच्या संचालकपदाखाली ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या पिंजऱ्यात लोकांना बघायला ठेवलं होतं. त्याच वेळी न्यूयॉर्कमधल्या काळ्या धर्मगुरूंनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. म्हणजे चूक तेव्हाही कळत होती. नाव जायला ११४ वर्षं लागली.

मोहफूल

मी धानोऱ्याकडची, गाईड कॅप्टन आहे. भाऊ, ही माहिती मला नवीन होती. वाचून बराच वेळ गप्प बसले. मला यातून एकच दिसतं : आपल्या सन्मानाला कोणाही माणसाचं नाव देऊ नका. तलावाचं द्या, नाल्याचं द्या, टेकडीचं द्या. ज्या जागेसाठी काम केलं तिचं नाव त्या वर्षी पदकावर यावं. मुलीला मोठेपणी विचारलं, हे काय आहे, तर तिला गावातलं ठिकाण दाखवता येईल.

आता आमच्या मुलींचं काम सांगते. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं पहाटे गळतात, ती वाळल्या पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखाली पाचोळा जाळतात. तीच आग वाऱ्याने पुढे सरकते आणि जंगलाला लागते. मुलींना हे शिकवावं लागलं नाही, त्या दरवर्षी आईबरोबर टोपली घेऊन जातात. त्यांच्यातलीच एक म्हणाली की मॅडम, पाचोळा जाळायच्या ऐवजी खाली लुगडं बांधलं तर? जुनी लुगडी जोडून, चार कोपऱ्यांना दोर लावून त्यांनी सहा झाडांखाली झोळ्या बांधल्या. गाठी कोणत्या बांधायच्या हे स्काऊट-गाईडमध्ये शिकलो ते पहिल्यांदा खऱ्या कामाला आलं. सकाळी सूर्य वर यायच्या आत फुलं गोळा. माती नाही, खडे नाहीत, त्यामुळे विकताना कोणी भाव पाडून मागितला नाही. आया खूश झाल्या त्या भावामुळे, जंगल वाचतं म्हणून नाही. पुढच्या वर्षी बारा घरांनी लुगडी बांधली.

हे काम तास मोजून कसं भरायचं? झाडं तर एकही लावलेलं नाही.

निवृत्त_वनरक्षक

ताई, तुमच्या मुलींना माझा सलाम. एकतीस वर्षं नोकरी केली, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, त्यातल्या किती रात्री हातात हिरव्या फांद्या घेऊन वणवे झोडपण्यात गेल्या याचा हिशोब नाही. झोडपून विझवलेल्या आगीची बातमी होते, न लागलेल्या आगीची होत नाही. सन्मान द्यायचाच तर तो न लागलेल्या आगीला द्या.

मोजायचं कसं ते सांगतो. मोहाच्या बुंध्याला जळल्याचा काळा पट्टा राहतो. मुलींनी मार्चच्या आधी ठरलेल्या पन्नास झाडांचे बुंधे बघावेत, खुणा नोंदवाव्यात आणि जूनमध्ये पुन्हा तीच झाडं बघावीत. ताजा कोळसा हाताला लागतो, जुना लागत नाही. एवढी परीक्षा पुरे.

पण एक कळकळीने सांगायचं आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर, मूल या पट्ट्यात वाघ जंगलात आहे तसाच जंगलाबाहेरही आहे. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं गेलेली मी बघितली आहेत, वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. पदकाच्या नादात एकही पोर पहाटे एकटं झाडाखाली जाता कामा नये. शेताच्या बांधावरचे मोह घ्या, मोठी माणसं सोबत ठेवा, मधे मधे बोलत राहा. राखीव जंगलात काम असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं लेखी पत्र घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि अर्जात पहिला प्रश्न मुलांच्या सुरक्षेचा ठेवा. मग झाडांचा.

मोहफूल

दादा, आमची सहाही झाडं बांधावरचीच होती आणि प्रत्येक झाडाखाली त्या घरची बाई होती. पण हे मी आधी लिहायला हवं होतं, तुमचं बरोबर आहे. बुंध्याची खूण या वर्षीपासून सुरू करते.

दोनशिक्षकी

माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. राग नसावा.

आमची शाळा दोन शिक्षकांची. पथक चालवतो ते आवड म्हणून. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, पुढे राज्य पुरस्कार, नशीब असेल तर राष्ट्रपती पुरस्कार, एवढ्या पायऱ्या आधीच आहेत. प्रत्येक पायरीला वही, प्रत्येक वहीला सही. तपासणीला बसलो आहे मी, शंभर वह्या आणि दहा-बारा हस्ताक्षरं बघितली आहेत. वह्या कोण लिहितं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. नवा सन्मान आला की नवी वही येईल आणि तीही गुरुजीच लिहितील. जिथे गुरुजी हौशी तिथली मुलं पदकवाली, जिथे गुरुजी थकलेले तिथली मुलं रिकामी.

दुसरा मुद्दा याहून मोठा. वर्षभराची अट घातली की आमच्याकडची निम्मी मुलं गळतील. जानेवारी-फेब्रुवारीत आई-बाप मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोरं सोबत जातात. मार्चअखेर परत. ज्या पोराने नोव्हेंबरात बोरीबांध घातला, रेतीच्या गोण्या खांद्यावर वाहिल्या, तो मोजणीच्या वेळी गावात नाही. त्याला तुम्ही बाद करणार का? स्काऊटच्या नियमात पाचवा नियम आहे की स्काऊट प्राणिमात्रांचा मित्र आणि निसर्गप्रेमी असतो. प्रेमाला परीक्षा लावायची वेळ का यावी, हे मला अजून पटलेलं नाही.

तलावकाठ

सर, राग कसला. मिरचीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. आमच्याकडेही चार-पाच घरं जातात, आणि त्या दांडेवाल्या पोराचं घर त्यांतलंच आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो नव्हता. त्याच्या नोंदी त्याच्या बहिणीने ठेवल्या, आजीजवळ राहिलेली, पाचवीत असलेली. तिला मी कुठेच मोजलं नव्हतं. तुमचं वाचून आज लक्षात आलं.

तेव्हा असं करू : वर्षाची अट कामाला, मुलाला नाही. तलाव, नाला, झाड वर्षभर बघितलं गेलं पाहिजे. कोणी कापलं, कोणी वाहिलं, कोणी मोजलं, ज्याने जेवढं केलं तेवढं त्याच्या नावावर. सन्मान संघाला द्यायचा आणि त्यात सगळ्यांची नावं.

वहीचं म्हणता ते खरं आहे. माझ्याही हातून झालंय, शिबिराच्या आदल्या रात्री मुलांच्या वह्या मी पुऱ्या केल्या आहेत. म्हणून वही तपासूच नये असं मला वाटतं. तपासणाऱ्याने मुलांबरोबर त्या जागेवर जावं आणि गुरुजींना पाळीखाली उभं करून मुलांना विचारावं. ज्याने काम केलंय तो पोरगा दहा पावलांत बोलायला लागतो, हात दाखवतो, "इथं दगड होता, इथं विंचू निघाला." ज्याने केलं नाही तो गुरुजींकडे बघतो.

जर्सीत_भंडारेकर

हे फार आवडलं. एक भर घालतो. जागतिक पातळीवरही स्काऊटमध्ये निसर्गाचा बिल्ला आहे. पूर्वी पांडाचं चित्र असलेला जागतिक निसर्गरक्षण बिल्ला होता, आता अर्थ ट्राइब नावाचा उपक्रम आहे, प्लास्टिकविरोधी टाइड टर्नर्सही आहे. तुमची मुलं ती कामं करतच आहेत, तेव्हा आपल्या जिल्हा कार्यालयात विचारून तिथेही नोंद करावी.

जाळेवाला

नमस्कार. मी ढिवर समाजाचा. आजोबांपासून आमचं घर तलावावर आहे. सगळं वाचलं. गुरुजी, एक गोष्ट खटकली ती बोलतो.

तलाव आमच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असतो. श्रमदान झालं तेव्हा आमाले इचारलं होतं का? तुम्ही ते दांडे पाण्याच्या काठाले टाकले, त्याच्यात त्या साली आमची तीन जाळी फाटली. विचारलं असतं तर आमच्यातल्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं की बेशरम पाण्याजवळ ठेवू नका, ते पुन्हा लागते. आमाले हे लहानपणापासून माहीत आहे. दुसऱ्या वेळी म्हाताऱ्यांना विचारलं म्हणता, ते चांगलं केलं, माझे काकाच होते त्यात.

सल्लागार जाणकार पाहिजे असं वर लिहिलंय. तो कॉलेजातूनच आला पाहिजे असं नाही. मासा अंडी कुठे घालतो, पाणी कोणत्या बाजूने तापते, हे जाळं टाकणाऱ्याला कळते. अर्जावर सल्लागाराची सही लागत असेल तर अंगठाही चालला पाहिजे.

आणि दुसरं, नुसतं उपटून भागत नाही. जागा रिकामी ठेवली तर बेशरम परत येईलच. तिथे काय होतं ते लावा. आमच्या तलावात काठाला देवधान होतं, आपोआप उगवणारं जंगली धान. ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं धान्य लागते, तेव्हा माझी आजी डोंग्यातून जाऊन देवधान झोडून आणायची, कणसं टोपलीवर वाकवायची आणि काडीनं हळू मारायची, निम्मे दाणे टोपलीत, निम्मे पाण्यात. पाण्यात पडलेले पुढच्या साली उगवत. पाणकोंबड्या त्यातच घरटं करत, मासोळीची पिलं त्यातच लपत. आता दोनच कोपऱ्यात राहिलं आहे. शिंगाडा आहे, कमळ आहे, पण देवधान कमी झालं.

तलावकाठ

भाऊ, चूक माझी. तेव्हा विचारलं नव्हतं. जाळ्यांचं मला आज कळलं. उद्या संस्थेच्या अध्यक्षांना भेटतो आणि मुलांना सोबत नेतो, म्हणजे पुढच्या वर्षी विचारायचं त्यांच्याच लक्षात राहील.

अंगठ्याचं मी निकषांच्या कागदात लिहून टाकलं आहे : सल्लागार गावातला, त्या जागेवर पोट असलेला असावा. जमिनीचा किंवा पाण्याचा हक्क ज्याचा, त्याची आधी परवानगी. सुरक्षेचा प्रश्न पहिला. मोजणी पावसाळ्यानंतर. नाव जागेचं. झाडांची संख्या विचारायचा रकाना मी काढला आहे, बाकीच्यांना पटलं नाही तर बैठकीत पुन्हा बोलेन.

देवधानाचं विचारायचं होतं. बी मिळेल का, की रोपंच लावावी लागतात? आणि कधी?

जाळेवाला

बी आता नाही मिळायचं, पाण्यात गळून गेलं. रोपं आणता येतील. मृगाच्या आधी, चिखल हाताने दाबता येईल इतपत ओल असली की उपटून लावायची, दोन-दोन काड्या, वीतभर अंतराने. उशीर झाला की पाणी चढते आणि रोपं तरंगून जातात. उत्तरेच्या कोपऱ्यातून थोडीच काढा, तेवढीच राहिली आहेत. माझी आई येते म्हणते दाखवायला. पोरांना सांगा, चपला घरी ठेवून या.

तलावकाठ

पाच जण आहेत, आणि सहावी ती बहीण. वहीचं पहिलं पान तिच्याकडेच दिलं आहे. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला तुडुमाजवळ येतो. आईंना नमस्कार सांगा.